मर्मस्थानांची जपणूक

‘घाव वर्मी लागला’ असे आपण सहज म्हणतो. या बोलण्यामागे आयुर्वेदाचा एक जुना विचार आहे. मांस, सिरा, स्नायू, अस्थी आणि संधी जेथे एकत्र येतात व जेथे प्राणाचा विशेष वास असतो, त्या जागेस सुश्रुतसंहितेत ‘मर्म’ म्हटले आहे. शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात अशी १०७ मर्मे सांगितली आहेत : हातापायांत ४४, धडात २६ आणि मान व मस्तकात ३७. चरकाचार्यांनी त्यांतही हृदय, बस्ती व शिर ही तीन प्रमुख मानली.

आघाताच्या परिणामानुसार सुश्रुतांनी केलेली विभागणी व्यापाऱ्याच्या खतावणीसारखी ताळा जुळणारी आहे. १९ मर्मे सद्यःप्राणहर, ३३ कालांतराने प्राणहर, ४४ वैकल्यकर, ८ वेदनादायक आणि उरलेली ३ विशल्यघ्न.

या शेवटच्या तिहींचे ज्ञान प्रत्येक घरी, दुकानी असावे. दोन कानशिलांच्या वरची ‘उत्क्षेप’ आणि भुवयांमधील ‘स्थपनी’ ही ती मर्मे. येथे रुतलेले शल्य आत असेपर्यंत मनुष्य जगतो, ओढून काढताच दगावतो, असे सुश्रुत सांगतात. आजचे प्रथमोपचारशास्त्रही हेच बजावते. रुतलेली वस्तू फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरते. ती उपसताच रक्तस्राव अनावर होतो. म्हणून गोदामात कुणाच्या अंगात सळई, काच वा पत्रा खोलवर घुसल्यास तो मुळीच ओढू नये. भोवती कापडाचा आधार देऊन वस्तू हलू न देता रुग्णास रुग्णालयात न्यावे.

कानशिलावरील ‘शंख’ मर्म सद्यःप्राणहर आहे. तेथील हाड पातळ असून आतून धमनी जाते. मार लागल्यावर माणूस काही काळ नीट बोलतो, आणि तासाभराने बेशुद्धही पडू शकतो. उलटी, गुंगी वा वाढती डोकेदुखी दिसताच विलंब करू नये. दुचाकीवर हेल्मेट हवेच.

हल्ली मर्मे दाबून रोग बरे करण्याच्या जाहिराती दिसतात. सुश्रुतांनी मात्र शस्त्रक्रिया करताना वैद्याने मर्मे टाळावीत, यासाठी ती मोजून दाखवली. छातीत दुखत असता मर्म दाबत बसणे म्हणजे वेळ गमावणे होय.

जीवाला इजा कोठे खोल जाते हे जाणून ती टाळणे, हे अहिंसाधर्माला धरूनच आहे. त्यात आपला स्वतःचा आणि आपल्याकडे राबणाऱ्यांचा जीवही आला.