पान फाइलमध्ये नसतंच!

परवा आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेची पानं लावत बसलो होतो. वर पानभर ऐसपैस शीर्षक, त्याखाली दोन रकान्यांत अध्यक्षांचं मनोगत. झकास दिसत होतं. शीर्षकाखाली ठिपक्यांची एक दुहेरी रेघ तेवढी खुपत होती. ती छापली जात नाही हे ठाऊक होतं, पण डोळ्यांना सलत होती, म्हणून पुसली. आणि काय सांगू, ते ऐसपैस शीर्षक अंग चोरून डाव्या रकान्यात जाऊन बसलं, चार ओळींत चुरगळून!

शीर्षकाला मी हातही लावला नव्हता. मग ते हललं कसं?

त्यासाठी फाइलच्या पोटात शिरायला हवं, आणि ते वाटतं त्याहून सोपं आहे. वर्डच्या फाइलची एक प्रत काढा, नावाच्या शेपटीतलं ‘डॉकएक्स’ पुसून ‘झिप’ करा आणि उघडा. आत फायलींचं अख्खं बिऱ्हाड निघतं! त्यातल्या मुख्य फाइलमध्ये तुमचा मजकूर असतो आणि मजकुराच्या अधूनमधून हुकूम असतात. एका ठिकाणी दिसेल : रुंदी ११९०६, उंची १६८३८. हे काय मोजमाप म्हणायचं? तर हा आपला साधा ए-फोर कागद. इंचाचे ७२ पॉइंट आणि प्रत्येक पॉइंटचे आणखी २० तुकडे, म्हणजे इंचाचे १४४० भाग. या कणाएवढ्या मापाला ट्विप म्हणतात. १४४० ला २, ३, ४, ५, ६, ८, ९, १०, १२ अशा कितीतरी आकड्यांनी निःशेष भाग जातो. म्हणजे अपूर्णांकांची कटकटच नाही. दोन रकान्यांचा हुकूम तर एवढासाच : संख्या २, मधलं अंतर ७२०. अर्धा इंच मोकळी जागा, संपलं!

आता त्याच फाइलमध्ये ‘तिसरं पान इथे संपलं’ असा हुकूम शोधा. तुम्ही स्वतः मुद्दाम पेज ब्रेक टाकला नसेल, तर तो सापडणार नाही. ओळ कुठे मोडायची तेही लिहिलेलं नसतं. तुमचा लेख म्हणजे एक लांबलचक, सलग धागा. फाइल उघडली की वर्ड प्रोसेसर प्रत्येक अक्षराची रुंदी फॉन्टला विचारतो, बेरीज करतो, ओळ भरली की खाली उतरतो, रकाना भरला की शेजारच्या रकान्याच्या माथ्यावर चढतो. पान तयार होतं ते तेव्हा, तुमच्या डोळ्यांदेखत. म्हणून तर पहिल्या परिच्छेदात एक शब्द वाढवला की नवव्या पानावरची ओळ दहाव्यावर उडी मारू शकते. आणि म्हणूनच छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसेल तर १६ पानांची १७ होतात. तिथला माणूस ‘पीडीएफ आणा’ म्हणून उगाच अडून बसत नाही.

रकाना अरुंद झाला की गंमत वाढते. ए-फोरवर चारी बाजूंनी इंचभर समास सोडा, मध्ये अर्धा इंच ठेवा. एकेका रकान्याला जेमतेम सव्वासात सेंटिमीटर उरतात. डोळ्यांना हे आवडतं, कारण ओळ संपल्यावर पुढच्या ओळीचं तोंड चटकन सापडतं. पण आपली मराठी प्रत्यय चिकटवत जाणारी. ‘विद्यार्थ्यांबरोबरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द अर्धी ओळ खातो! तो मावला नाही तर खाली जातो, आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या असतील तर वरच्या ओळीतल्या उरल्यासुरल्या शब्दांमध्ये बोट जाईल एवढी भगदाडं पडतात. शब्द तोडावा म्हटलं तर कुठेही तोडून चालत नाही. ‘द्या’चा काना पुढच्या ओळीत गेला तर वाचणार कोण?

आता त्या पुसलेल्या दुहेरी रेघेकडे येऊ. ती रेघ म्हणजे सेक्शन ब्रेक. वरचा भाग एका रकान्यात, खालचा दोन रकान्यांत, असं करायचं तर मध्ये ही हद्द लागते. आणि खरी मौज पुढे आहे. भागाचा हुकूम त्या भागाच्या सुरुवातीला नसतो, शेवटी असतो! अगदी मराठी वाक्यातल्या क्रियापदासारखा. ‘मी उद्या सकाळी पहिल्या गाडीने पुण्याला’ इथपर्यंत ऐकून माणूस जाणार की नाही, काही कळत नाही. सगळं शेवटच्या शब्दावर. शीर्षकाचं ‘मी एकाच रकान्यात राहीन’ हे क्रियापद त्या रेघेत होतं आणि मी नेमकं तेच खोडलं. मग शीर्षकाचं वाक्य पुढच्या वाक्यात मिसळलं आणि त्याला पुढचं क्रियापद लागू झालं : दोन रकाने. कंट्रोल-झेड दाबलं, रेघ परत आली, शीर्षकाने पुन्हा हातपाय पसरले.

याच रेघेचा एक छान उपयोगही आहे. मनोगत संपलं, डावा रकाना काठोकाठ आणि उजवा अर्धा रिकामा, असं दिसत असेल तर मजकुराच्या शेवटी ‘कंटिन्युअस’ जातीची हीच खूण टाका. दोन्ही रकाने जवळजवळ सारख्या उंचीवर येऊन उभे राहतात. नुसतं दोनाने भागून हे होत नाही बरं. परिच्छेदाची एकटी ओळ मागे किंवा पुढे पडू नये, मथळा तळाशी आणि त्याचा मजकूर दुसरीकडे असं होऊ नये, हेही सांभाळायचं असतं.

एक रकानेवाला प्रकार मात्र वर्डच्या ‘कॉलम्स’ बटणाला अजिबात जमत नाही. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघालं. त्यातही पानावर दोन स्तंभ होते, पण एकात मराठी आणि शेजारी इंग्रजी. तिथे मराठी एका स्तंभातून दुसऱ्यात ओसंडून चालणारच नव्हती! दोन मजकूर समांतर, आपापल्या वाटेने खाली उतरणारे. तसं पान आज करायचं तर ‘कॉलम्स’च्या वाटेला जायचं नाही. दोन घरांचं टेबल घ्यायचं, एका घरात मराठी परिच्छेद, शेजारच्या घरात इंग्रजी, पुढच्या परिच्छेदाला खालची ओळ, आणि शेवटी टेबलाच्या रेघा अदृश्य करून टाकायच्या.