फुटबॉलचे मैदान ते टीव्हीचा स्टुडिओ : गॅरी लिनेकर यांची दुसरी कारकीर्द

खेळाडूचे आयुष्य मोठे असते, पण त्याची कारकीर्द फार लहान असते. डॉक्टर, वकील किंवा शिक्षक तिशीत खऱ्या अर्थाने स्थिरावतो. फुटबॉलपटू मात्र त्याच वयात निवृत्तीच्या दाराशी उभा असतो. गुडघे बोलायला लागतात, क्लब नवा पोरगा शोधतो आणि कालपर्यंत नाव घेऊन ओरडणारी गर्दी दुसऱ्याचे नाव घेऊ लागते. मग पुढची तीस-चाळीस वर्षे करायचे काय? आपल्या घरांतली मुलेही आता टर्फवर रात्री उशिरापर्यंत खेळतात, क्लबच्या चाचण्यांना जातात. म्हणून हा प्रश्न आपल्याही दारात आलेला आहे. त्याचे एक उत्तर इंग्लंडच्या गॅरी लिनेकर यांच्या आयुष्यात सापडते. आधी ते गोल करणारा खेळाडू म्हणून गाजले. नंतर पाव शतकाहून जास्त काळ इंग्लंडने फुटबॉल पाहिला तो त्यांच्याच सूत्रसंचालनात. आणि शेवटी बोलण्यावरूनच त्यांना ती खुर्ची ठरलेल्या वेळेआधी सोडावी लागली.

भाजीफळांच्या गाड्यापासून विश्वचषकापर्यंत

लिनेकर यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९६० रोजी लेस्टरमध्ये झाला. आज हे शहर भारतीय वंशाच्या मोठ्या वस्तीसाठी ओळखले जाते. तिथल्या बाजारात त्यांच्या वडिलांचा फळे-भाजीचा गाळा होता आणि पोरवयात गॅरीही तिथे हाताखाली काम करत. शाळेत ते क्रिकेटही चांगले खेळत. पण फुटबॉलने ओढून घेतले आणि १९७८ मध्ये ते आपल्याच गावच्या लेस्टर सिटी क्लबकडून व्यावसायिक फुटबॉल खेळू लागले. १९८५ पर्यंत तिथे त्यांनी १९४ लीग सामन्यांत ९५ गोल केले.

मग एव्हर्टन क्लबने ८ लाख पौंड मोजून त्यांना घेतले. १९८५-८६ च्या एकाच हंगामात त्यांनी सर्व स्पर्धा मिळून ४० गोल केले. त्याच उन्हाळ्यात मेक्सिकोत विश्वचषक होता. इंग्लंडची सुरुवात वाईट झाली होती, पोलंडविरुद्ध जिंकले नाही तर परतीचे तिकीट पक्के. लिनेकर हाताला पट्टी बांधून उतरले आणि पहिल्या अर्ध्यातच तीन गोल करून मोकळे झाले. उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाने इंग्लंडला हरवले. मॅराडोनाने हाताने मारलेला तो प्रसिद्ध गोल याच सामन्यातला. त्या सामन्यात इंग्लंडचा एकमेव गोल लिनेकर यांचा होता. एकूण ६ गोल करून त्यांनी ‘गोल्डन बूट’ मिळवला. हा मान मिळवणारे ते पहिले इंग्रज खेळाडू. त्यानंतर दुसऱ्या इंग्रजाला, हॅरी केनला, तो मिळायला २०१८ साल उजाडले.

पुढे बार्सिलोना. जानेवारी १९८७ मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध त्यांनी हॅटट्रिक केली. तिथे स्पॅनिश शिकले, तिथल्या लोकांत मिसळले. १९८८ मध्ये स्पेनचा राजचषक आणि १९८९ मध्ये युरोपियन कप विनर्स कप जिंकून ते इंग्लंडला परतले आणि टॉटनहॅमकडून खेळू लागले. १९९० च्या इटलीतल्या विश्वचषकात आणखी ४ गोल केले. उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध बरोबरी साधणारा गोल त्यांचाच, पण पेनल्टींवर इंग्लंड हरले. १९९१ मध्ये टॉटनहॅमबरोबर एफए कप हाती आला.

लिनेकर दूरवरून तोफेसारखे फटके मारणारे खेळाडू नव्हते. त्यांचे बहुतेक गोल गोलपोस्टच्या अगदी जवळून झालेले. चेंडू कुठे पडणार याचा अंदाज घेऊन बचावपटूच्या आधी तिथे पोहोचायचे, हीच त्यांची कला. दहा वेळा धावायचे, नऊ वेळा चेंडू येतच नाही, दहाव्या वेळी येतो आणि लोक म्हणतात नशीबवान आहे! त्यामागचा सबर कोणाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. संपूर्ण व्यावसायिक कारकिर्दीत त्यांना एकदाही पिवळे किंवा लाल कार्ड मिळाले नाही. पुढे खेळणाऱ्या खेळाडूला बचावपटू लाथा घालतात, जर्सी ओढतात, शिव्या देतात. तरीही त्यांचा तोल गेला नाही. १९९० मध्ये फिफाने त्यांना ‘फेअर प्ले’ पुरस्कार दिला.

एक गोल कमी

इंग्लंडकडून ८० सामने आणि ४८ गोल. त्या वेळचा विक्रम बॉबी चार्लटन यांच्या ४९ गोलांचा होता. मे १९९२ मध्ये वेम्बलीवर ब्राझीलविरुद्ध पेनल्टी मिळाली. गोल झाला असता तर विक्रमाची बरोबरी होती. लिनेकर यांनी चेंडू हलकेच उचलून मारायला पाहिला आणि तो गोलरक्षकाच्या हातात गेला. पुढच्याच महिन्यात युरो स्पर्धेत स्वीडनविरुद्ध इंग्लंडला गोलची नितांत गरज असताना प्रशिक्षकांनी त्यांना बाहेर बोलावले. तोच त्यांचा इंग्लंडसाठीचा शेवटचा सामना ठरला. विक्रम कायमचा एका गोलने हुकला.

शेवटची दोन वर्षे ते जपानच्या नागोया ग्रॅम्पस एट क्लबकडे होते. तिथे नवी व्यावसायिक लीग सुरू होत होती. पण पायाच्या अंगठ्याच्या दुखण्याने फार खेळता आले नाही आणि १९९४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी बूट उतरवले.

माइकची शाळा

इथे एक फरक समजून घेऊ. निवृत्त खेळाडू टीव्हीवर दिसणे आपल्याला नवे नाही. सुनील गावसकर, रवी शास्त्री, संजय मांजरेकर यांना आपण वर्षानुवर्षे ऐकतो. पण ते मुख्यतः समालोचक किंवा विश्लेषक. म्हणजे खेळ समोर चालू आहे आणि त्यावर आपले मत द्यायचे. सूत्रसंचालकाचे काम वेगळे. त्याने कार्यक्रम चालवायचा असतो. पाहुण्याला योग्य प्रश्न विचारायचा, दोन पाहुणे भांडू लागले तर सावरायचे, कोणी गप्प बसला तर बोलते करायचे. त्याच वेळी कानातल्या यंत्रातून निर्माता सांगत असतो की इतके सेकंद उरले, पुढची क्लिप तयार नाही, जरा लांबवा. तोंडाने एक बोलायचे आणि कानाने दुसरे ऐकायचे, तेही चेहऱ्यावर काही न दाखवता. खेळाडू म्हणून कितीही मोठे नाव असो, हे आपोआप येत नाही.

लिनेकर यांनी ते पायरीपायरीने शिकून घेतले. खेळत असतानाच पत्रकार कसे काम करतात याकडे त्यांचे लक्ष होते. नव्वदच्या दशकात बीबीसीच्या रेडिओवर कार्यक्रम केला, मग टीव्हीवर ‘फुटबॉल फोकस’ हा शनिवार दुपारचा कार्यक्रम. सुरुवातीला बोलण्यात ताठरपणा होता आणि टीकाही झाली. विश्वचषकात गोल्डन बूट मिळवलेल्या माणसाला नवख्यासारखे बसून शिकावे लागले. यात त्यांना कमीपणा वाटला नाही, हे महत्त्वाचे.

१९९९ मध्ये डेस लायनम हे दिग्गज सूत्रसंचालक बीबीसी सोडून दुसऱ्या वाहिनीवर गेले आणि ‘मॅच ऑफ द डे’ची खुर्ची लिनेकर यांच्याकडे आली. हा कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे. शनिवारी रात्री त्या दिवसाच्या सामन्यांचे निवडक क्षण दाखवायचे आणि त्यावर माजी खेळाडूंनी बोलायचे, असे त्याचे रूप. दिसायला सोपे, पण त्यामागे दिवसभराची मेहनत असते. सूत्रसंचालक आणि विश्लेषक दुपारीच स्टुडिओत येतात, सगळे सामने पडद्यांवर एकत्र पाहतात, कोणता क्षण घ्यायचा आणि कोणता सोडायचा ते ठरवतात. रात्री दिसणारी सहज गप्पांची मैफल त्यातून तयार होते.

पुढे विश्वचषक, युरो, ऑलिंपिक, गोल्फ असे बरेच काही त्यांनी सांभाळले. विनोदबुद्धी होतीच. लेस्टर सिटी लीग जिंकली तर अंतर्वस्त्रांत कार्यक्रम करीन, असे ते गमतीत म्हणून बसले. सट्टेवाल्यांनी ज्या संघाला ५००० ला १ असा भाव दिला होता तो लेस्टर संघ २०१६ मध्ये खरोखर विजेता ठरला आणि लिनेकर यांना शब्द पाळावा लागला! त्याआधी २००२ मध्ये हाच क्लब आर्थिक संकटात बुडत होता, तेव्हा तो वाचवण्यासाठी पैसे उभे करणाऱ्यांतही ते पुढे होते.

बोलण्याची किंमत

लिनेकर बीबीसीचे सर्वांत महागडे सूत्रसंचालक होते. अलीकडच्या वर्षांत त्यांचे मानधन वर्षाला साडेतेरा लाख पौंडांच्या घरात होते. बीबीसी चालते ती लोकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर. त्यामुळे तिच्यावर निःपक्षपाती राहण्याचे बंधन आहे. पण लिनेकर पगारी नोकर नव्हते, ते करारावर काम करत आणि विषय त्यांचा खेळ होता, बातम्या नव्हे. मग त्यांनी स्वतःच्या खात्यावर राजकारणाबद्दल बोलावे की नाही? वाद सारा इथेच होता.

मार्च २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने लहान होड्यांतून येणाऱ्या निर्वासितांविरुद्ध कडक कायदा आणला. लिनेकर यांनी याआधी स्वतःच्या घरात निर्वासितांना आसरा दिला होता. त्यांनी ट्विटरवर लिहिले की या धोरणाची भाषा १९३० च्या दशकातल्या जर्मनीतल्या भाषेशी मिळतीजुळती आहे. गदारोळ झाला आणि बीबीसीने त्यांना कार्यक्रमापासून दूर ठेवले. तेव्हा इयान राइट आणि अ‍ॅलन शिअरर या सहकाऱ्यांनीही येण्यास नकार दिला, पाठोपाठ समालोचकही बाजूला झाले. ११ मार्चच्या रात्री ‘मॅच ऑफ द डे’ सूत्रसंचालक नाही, विश्लेषक नाही, समालोचन नाही अशा अवस्थेत फक्त २० मिनिटे दाखवला गेला. दोन दिवसांत बीबीसीने माघार घेतली आणि लिनेकर परतले.

गाझाबद्दलही ते उघडपणे बोलत राहिले. तिथे मरणाऱ्या मुलांबद्दल गप्प बसणे आपल्याला शक्य नाही, ही त्यांची भूमिका होती. जगभरातल्या असंख्य मुस्लिम घरांत त्यांचे नाव त्यामुळे आपुलकीने घेतले जाऊ लागले. पण मे २०२५ मध्ये त्यांनी झायोनिझमवर टीका करणारी एक पोस्ट पुढे पाठवली. तिच्यावर उंदराचे चित्र होते. नाझींच्या प्रचारात यहुदी लोकांना उंदीर म्हणून दाखवले जात असे. त्यामुळे हे चित्र साऱ्या यहुदी समाजाचा अपमान करणारे मानले जाते. ते चित्र आपल्या लक्षात आले नव्हते, असे सांगून लिनेकर यांनी पोस्ट काढली आणि स्पष्ट शब्दांत माफी मागितली. तरी निभावले नाही. २०२६ च्या विश्वचषकापर्यंत ते बीबीसीसोबत राहणार होते. त्याऐवजी २५ मे २०२५ चा कार्यक्रम त्यांचा शेवटचा ठरला. सप्टेंबरमध्ये प्रेक्षकांच्या मतांवर दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय टीव्ही पुरस्कारांत सर्वोत्तम सूत्रसंचालक म्हणून त्यांचीच निवड झाली.

आम्हाला असे वाटते

लिनेकर यांना डोक्यावर घेणे किंवा त्यांची प्रत्येक गोष्ट बरोबर ठरवणे हा आमचा हेतू नाही. २०२२ मध्ये कतारच्या विश्वचषकाचे प्रक्षेपण त्यांनी उद्घाटन सोहळ्याऐवजी यजमान देशावरील टीकेने सुरू केले. ते अरब जगतात अनेकांना खटकले होते. आपल्याला आवडेल ते बोलला तर थोर आणि न आवडेल ते बोलला तर वाईट, असा न्याय आपण करू नये.

उंदराच्या चित्राचा प्रसंगही नीट समजून घ्यायला हवा. मजलूमांच्या बाजूने बोलणे वेगळे आणि एखाद्या संपूर्ण समाजाला कमी लेखणारी गोष्ट पसरवणे वेगळे. सरसकट ठपका ठेवला जातो तेव्हा काय वाटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग तोच ठपका आपल्या हातून दुसऱ्यावर जाऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसाला पन्नास गोष्टी येतात आणि आपण त्यातल्या किती शेवटपर्यंत पाहून पुढे पाठवतो? चांगल्या हेतूने उचललेली एक न तपासलेली पोस्ट सव्वीस वर्षांच्या कामाचा शेवट कडू करू शकते. शिवाय ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांचा मुद्दाही त्या वादात मागे पडतो.

आणि खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक सांगणे. मुलगा किंवा मुलगी फुटबॉलमध्ये रमली असेल तर जरूर खेळू द्या. पण भाषा, शिक्षण आणि चारचौघांत बोलण्याची सवय सुटू देऊ नका. प्रशिक्षक, पंच, फिजिओथेरपिस्ट, क्रीडा पत्रकार, समालोचक अशा कितीतरी वाटा मैदानाच्या कडेनेच जातात. मराठीतून चांगले क्रीडा समालोचन करणाऱ्यांची गरज आजही आहेच. लिनेकर यांना दुसरे काम मिळवून द्यायला त्यांच्या गोलांनी मदत केली हे खरे, पण ते इतकी वर्षे टिकवले ते शिकण्याच्या तयारीने.