निद्रिस्त मोटारीस जाग आणतांना

कोकणांतील वडिलोपार्जित घर दहा वर्षें कुलूप लावून ठेवलें, तर परत गेल्यावर काय दृष्टीस पडतें, हें पुष्कळांच्या अनुभवाचें आहे. घरांत कोणी राहिलें नाहीं, कोणी कांहीं मोडलें नाहीं. तरीहि कौलें सरकलेलीं, दारांच्या चौकटी फुगलेल्या आणि माजघरांत वाळवीचें राज्य! वापरानें वस्तु झिजते हें आपण जाणतों; न वापरल्यानेंहि ती झिजते, आणि तेंहि अगदीं निमूटपणें, हें मात्र सहसा ध्यानांत येत नाहीं. मोटारगाडीच्या बाबतींत तर हें अज्ञान फार महागांत पडतें. फारशी न चाललेली आणि वीस वर्षें झांकून ठेवलेली गाडी, असें ऐकतांच हौशी गिऱ्हाइकाच्या तोंडाला पाणी सुटतें. अनुभवी कारागिराच्या कपाळाला मात्र आठी पडते.

अशा गाड्यांतली सर्वांत नाजूक व सर्वांत तापट जात म्हणजे जुनी, मालकानें स्वतःच्या हौसेप्रमाणें फेरफार केलेली टर्बो मोटार. उदाहरणादाखल एकच गाडी घेऊं. जर्मनींतील स्टुटगार्टच्या पोर्श कारखान्यानें १९७४ सालीं पॅरिसच्या मोटारप्रदर्शनांत ‘९११ टर्बो’ ही गाडी मांडली. कारखान्याच्या दप्तरांतील तिचा क्रमांक ९३०, आणि जाणकारांत ती याच आंकड्यानें ओळखली जाते. तीन लिटरांचें, सहा सिलिंडरांचें, हवेनें थंड होणारें एंजिन, तेंहि गाडीच्या अगदीं पाठीमागें. आणि शक्ति २६० अश्वांची. १९७८ च्या गाडींत एंजिन ३.३ लिटरांचें झालें व शक्ति ३०० वर गेली. १९८९ सालीं तिचें उत्पादन थांबलें.

टर्बो म्हणजे काय, हें मोटारींशीं संबंध नसलेल्या वाचकांसाठीं थोडक्यांत सांगावयास हवें. लोहार भाता मारूं लागला म्हणजे तेवढ्याच कोळशांतून अधिक जाळ निघतो; कारण हवा अधिक मिळते. एंजिनाचेंहि तसेंच आहे. परंतु हा भाता मारावयाचा कोणीं? स्वित्झर्लंडचा एंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ मध्यें पेटंट घेऊन यावर तोडगा सुचविला: एंजिनांतून वायां जाणारा जो तप्त धूर, त्याच्याच झोतानें एक चक्र फिरवावें आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानें एंजिनांत हवा कोंबावी. १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें चौदा हजार फुटांहून उंच अशा पाइक्स पीक पर्वतावर विमानाचें एंजिन नेऊन, विरळ हवेंतहि या युक्तीनें त्याची शक्ति टिकते हें सिद्ध केलें. घरगुती मोटारींत ही युक्ति प्रथम आली ती १९६२ मध्यें, ओल्ड्समोबिल आणि शेव्हरलेट या अमेरिकन गाड्यांत.

मात्र या भात्याला एक खोड आहे. पाय दाबतांच तो फुंकत नाहीं. धुराचा जोर वाढून चक्र मिनिटास लाखाच्या घरांत फेरे घेऊं लागेपर्यंत क्षणभर वाट पाहावी लागते. मग एकाएकीं सारी शक्ति अंगावर येते. ९३० मध्यें एंजिनाचा भार पाठीमागें असल्यामुळें, वळणावर हा क्षण गांठला आणि घाबरून पाय काढला कीं गाडीची पाठ पुढें येऊं पाहते. ‘वैधव्यकारिणी’ अशा अर्थाचें टोपणनांव तिला पडलें, तें उगीच नव्हे.

एवढ्यानें ज्यांचें समाधान झालें नाहीं अशा मालकांची त्या काळीं वाण नव्हती. जादा दाबाला आवर घालण्यासाठीं धुराच्या मार्गावर वेस्टगेट नांवाची एक झडप असते. दाब सुमारें ०.८ बारपर्यंत चढला कीं तिची स्प्रिंग दबते, झडप उघडते आणि उरलेला धूर टर्बोला वळसा घालून निघून जातो. ही स्प्रिंग बदलून कडक केली, अथवा तिच्याखालीं चकत्या घातल्या, कीं पन्नास-साठ अश्व जणूं फुकटांत मिळतात! त्याच्या जोडीला मोठा टर्बो, मोकळा धुराडा, वेगळे कॅमशाफ्ट. फेरफार करणारे कांहीं कारखाने खरोखर नामांकित होते. कोलोनच्या क्रेमर बंधूंनीं घडविलेल्या ९३५ गाडीनें १९७९ ची ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. बव्हेरियांतील रूफ यांच्या गाड्या तर आज मूळ गाडीहून मोलाच्या मानल्या जातात. परंतु अशा एका गाडीमागें दहा गाड्या कोपऱ्यावरच्या फिटरनें, हिशेब न मांडतां, नुसत्या उत्साहानें ‘सुधारलेल्या’ असत.

मग लग्न होतें, मुलें होतात, गाडीला मागें धड बसावयास जागा नसते. एखाद्या दिवशीं कसलासा आवाज येतो, दुरुस्तीचा आंकडा ऐकून मालक गाडीवर आच्छादन घालतो आणि पुढच्या उन्हाळ्यांत पाहूं म्हणतो. ते उन्हाळे वीस-वीस होतात. कित्येकदां गाडीकडे पुन्हां लक्ष जातें तें मालक निवर्तल्यावर. वारसांपुढें प्रश्न असतो: कवडीमोलानें विकावी, कीं वडिलांची आठवण म्हणून चालती करावी? अशा वेळीं कोणीतरी उत्साही आप्त नवी बॅटरी घेऊन येतो. “चालते का, एवढें तर पाहूं!” माझ्या मतें वीस वर्षांच्या निद्रेनें झालें नसेल एवढें नुकसान या एका वाक्यानें होतें.

कां, तें पाहूं. पहिली गोष्ट तेलाची. या एंजिनाचें तेल त्याच्या पोटांत नसून मागल्या चाकाशेजारच्या वेगळ्या टाकींत असतें. दीर्घकाळ उभ्या गाडींत तें झिरपत एंजिनांत उतरतें आणि मापाची काडी कोरडी दिसते. या गाडीचें तेल, एंजिन तापलेलें व चालूं असतांना मोजावयाचें असतें. हें ठाऊक नसलेला माणूस काडी कोरडी पाहून टाकी भरून टाकतो आणि मग गाडी सुरू होतांच जादा तेल हवेच्या मार्गांत शिरून शेडभर धूर करतें. त्या धुराला भिऊन एंजिन गेलें असें समजणारे व तेवढ्यावरच गाडी विकून टाकणारे लोक आहेत. खरें भय निराळेंच असतें. बेअरिंगांवरचा तेलाचा पापुद्रा सुकलेला असतो, सिलिंडरच्या अंगाला गंजाची बारीक लव धरलेली असते, आणि पहिल्या दहा-वीस फेऱ्यांत कोरड्यावर कोरडें घासलें जातें.

म्हणून आधीं जुनें तेल पूर्ण काढावें व नवें भरावें. ठिणगीचे सहाहि प्लग काढून नळीच्या टोकास बसविलेल्या बारीक कॅमेऱ्यानें सिलिंडरांचें अंतरंग पाहावें. गंजाचा जाड थर दिसला तर तेथेंच थांबून एंजिन उघडणें भाग आहे. तो नसेल तर प्रत्येकांत चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडून एक-दोन दिवस मुरूं द्यावें. नंतर एंजिन पान्यानें, हातानें, सावकाश फिरवावें. हाताला मध्येंच अडथळा लागला तर जोर करूं नये. व्हॉल्व्हवरचीं झांकणें उघडून तेथेंहि डोकवावें. कारण या एंजिनाचीं सिलिंडर-शीर्षें धरून ठेवणारे ‘डिलाव्हार’ नांवाच्या मिश्र पोलादाचे लांब खिळे गंजून तुटण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत, आणि तुटलेल्या खिळ्याची टोपी खालच्या झांकणांत पडलेली सांपडते. ती सांपडली तर वाईट वाटून घेऊं नये. एंजिन चालूं करण्यापूर्वीं सांपडली, हें भाग्यच समजावें. एंजिन हवेनें थंड होणारें असल्यामुळें त्यावरच्या पत्र्याच्या आवरणांत उंदरांचीं घरटीं असतात, तींहि काढावयास हवींत. नाहीं तर ज्या सिलिंडरावर घरटें, तो तापून निकामी होतो आणि कारण शेवटपर्यंत उमगत नाहीं.

दुसरी गोष्ट पेट्रोलाची, आणि माझ्या समजुतीनें हीच सर्वांत नेटानें पाहावयाची. पेट्रोल हें तुपासारखें टिकाऊ नव्हे. तें कांहीं महिन्यांतच शिळें होऊं लागतें आणि वर्षांनुवर्षांनीं टाकीच्या तळाशीं चिकट, वार्निशासारखा उग्र वासाचा राळेचा थर तेवढा उरतो. हल्लींच्या पेट्रोलांत मद्यार्क मिसळलेला असतो. जर्मनींत २०११ पासून दहा टक्क्यांपर्यंत मिश्रण असलेलें पेट्रोल मिळूं लागलें, आपल्या देशांत तर २०२५ पर्यंत हें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें. मद्यार्क हवेंतील ओल ओढून घेतो, त्यानें टाकी आंतून गंजते, आणि त्या काळच्या रबरी नळ्यांनाहि तो मानवत नाहीं.

आतां या गाडींत पेट्रोल पोहोंचविण्याचें काम बॉशच्या ‘के-जेट्रॉनिक’ या यंत्रणेकडे आहे. संगणक नाहीं कीं विजेचें डोकें नाहीं. आंत येणारी हवा एक तबकडी उचलते, तबकडी एक बारीक दट्ट्या उचलते, आणि तो जेवढा वर जाईल तेवढें पेट्रोल सहाहि सिलिंडरांकडे अखंड जातें. घड्याळजीच्या कामासारखें हें सुंदर काम आहे. परंतु दट्ट्या आणि त्याची नळी यांत अंतर इतकें सूक्ष्म कीं राळेचा एक पापुद्रा बसला तरी तो अडकतो. उत्साही आप्तानें चावी फिरवितांच टाकींतला सारा गाळ पंपावाटे नेमका येथें येऊन बसतो! म्हणून टाकी उतरवून धुवावी, गाळणी व रबरी नळ्या सरसकट नव्या घालाव्या. येथें काटकसर नको. तांबडालाल होणारा टर्बो हातभर अंतरावर असतांना पेट्रोलाची नळी फुटली, तर पाठीमागची आग चालकाला आरशांत दिसेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

यंत्रणा शुद्ध झाली कीं नाहीं, तें पाहण्याची रीति मोठी सोपी आहे. सहाहि तुषारनळ्या काढून सहा सारख्या कांचेच्या भांड्यांत सोडाव्या, तबकडी बोटानें हलकेच उचलावी आणि पंप थोडा वेळ चालवावा. आई भावंडांना दूध वाटते तसें सहाहि भांड्यांत सारखें माप पडलें पाहिजे. एकांत कमी पडलें, तर त्या सिलिंडरास पेट्रोल अपुरें मिळणार. साध्या गाडींत यामुळें फक्त अडखळणें होतें. टर्बो गाडींत हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरें असें झालें कीं मिश्रण अवेळीं भडकतें व पिस्टनला भोंक पडतें. हें घडावयास कांहीं सेकंद पुरे होतात.

टर्बोची परीक्षा त्या मानानें लवकर आटोपते. दांडा बोटानें फिरवून पाहावा; तो तेलाच्या पापुद्र्यावर तरंगणारा असल्यामुळें किंचित् हलणारच, पण चक्र भिंतीला घासतां कामा नये. टर्बो एंजिनाच्या खालच्या अंगाला असल्यानें त्यांतलें तेल परत आणावयास एक लहान पंप आणि उभ्या गाडींत तेल उतरूं नये म्हणून एक झडप असते. तीं दोन्ही तपासावीं. तेलाची नळी सोडून टर्बोंत आधींच थोडें स्वच्छ तेल घालावें. मग प्लगांवांचून, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडून, स्टार्टरवर एंजिन थांबत थांबत फिरवावें, तें तेलाच्या दाबाचा कांटा हलेपर्यंत.

आतां त्या पूर्वसूरींच्या ‘सुधारणां’कडे वळूं. येथें दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, सारें काढून कारखान्यांतून निघाली तशी गाडी करावी. दुसरा म्हणतो, फेरफार हाहि तिचा इतिहासच. मला दुसरा पक्ष अधिक मान्य आहे, पण एका अटीवर. कडक केलेली स्प्रिंग प्रथम काढून ०.८ बारची मूळची स्प्रिंग बसवावी. वेस्टगेटची झडप गंजून बंद स्थितींत अडकली आहे काय आणि तिचा रबरी पडदा शाबूत आहे काय, हें पाहावें. दाब बेसुमार वाढल्यास पेट्रोलाचा पंप बंद पाडणारा एक रक्षक स्विच कारखान्यानें दिलेला असतो. हौशी मंडळी तो हटकून निकामी करून ठेवीत. तो पुन्हां जोडावा. वडिलांनीं बसविलेला मोठा टर्बो राहूं द्यावा. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटींत जपावा. पुढच्या पिढीला तो हवासा वाटेल.

बाकीचें झटपट सांगतों. ब्रेकचें तेल पाणी शोषून घेतें, त्यामुळें आंतले पिस्टन गंजून धरतात; तेल, रबरी नळ्या, सील सर्व नवें हवें. टायरवर शेवटले चार अंक आठवडा व वर्ष सांगतात; तीनच अंक असतील तर तें टायर २००० सालापूर्वींचें. त्यावर चर कितीहि खोल दिसोत, तें फेंकून द्यावें. १९७८ नंतरच्या कांहीं गाड्यांत क्लचच्या तबकडीच्या मध्यभागीं रबर असे, तें कालांतरानें भुगा होतें.

एवढें झाल्यावर प्लग घालावे, ताजें पेट्रोल भरावें, आग विझविण्याची नळकांडी हाताशीं ठेवून एक माणूस एंजिनापाशीं उभा करावा, आणि मग चावी फिरवावी. पहिल्या मिनिटभरांतला निळसर धूर आपण सिलिंडरांत घातलेल्या तेलाचा असतो. पहिले कांहीं दिवस गाडी सौम्यपणें चालवावी, शंभर-दीडशे किलोमीटरांनंतर तेल पुन्हां बदलून त्यांत धातूचे कण दिसतात का तें पाहावें, मिश्रणाचें मोजमाप यंत्रावर करून घ्यावें. आणि तोंपर्यंत दाबदर्शक कांट्याला मोकळीक देऊं नये. परत आल्यावर चावी लागलीच काढूं नये. तापलेला टर्बो तेलाचा पुरवठा तुटतांच आपल्याच उष्णतेनें आंतलें तेल जाळून कोळसा करतो. एंजिन दोन-तीन मिनिटें मंद चालूं द्यावें, तोंवर शेडचें दार नीट लावून घ्यावें, आणि मग तें बंद करावें.