उलटी धरलेली बासरी

एक गंमत करून पाहा. रोज ज्या हातानं लिहिता, तो पाठीमागे ठेवा आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं नाव लिहा. काय झालं? कोंबडीचे पाय उमटले ना! आता वार्षिक परीक्षेचा अख्खा पेपर त्याच हातानं लिहायचा, असं कुणी सांगितलं तर?

पंडित हरिप्रसाद चौरसिया यांनी जवळजवळ असंच काहीतरी केलं. तेही बासरीवादक म्हणून नाव झाल्यावर!

हरिजींचा जन्म 1 जुलै 1938 चा, अलाहाबादचा. आई ते लहान असतानाच गेली. वडील पैलवान. मुलानंही आखाडा गाजवावा, असं त्यांना वाटे. हरिजी आखाड्यात जात खरे, पण मन सुरांत अडकलेलं. मग काय, घरी कळू न देता मित्राकडे रियाज! शेजारच्या पंडित राजाराम यांच्याकडे ते आधी गाणं शिकले. पुढे बनारसच्या पंडित भोलानाथ प्रसन्ना यांची बासरी कानी पडली आणि ते त्यांचे शिष्य झाले. आठ वर्षं शिकले.

1957 मध्ये कटकच्या आकाशवाणीवर नोकरी लागली. तिथून मुंबईला बदली झाली. सिनेमाच्या गाण्यांतही बासरी वाजू लागली. पैसा आला, नाव झालं. दुसरा कुणी इथेच थांबला असता. पण हरिजींना वाटे, राग अजून खोलात जाऊन शिकायचाय.

मुंबईत अन्नपूर्णादेवी राहत. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या या कन्या सूरबहार वाजवत. हरिजी त्यांच्या दारी गेले. उत्तर आलं, ‘नाही.’ ते पुन्हा पुन्हा जात राहिले. अखेर त्या तयार झाल्या, पण एका अटीवर : आजवरचं शिकलेलं विसरून पहिल्यापासून सुरुवात करायची!

विसरलो, हे दाखवायचं कसं? हरिजींनी उजव्या बाजूला धरायची बासरी डावीकडे वळवली. सहाही भोकांवरची बोटं बदलली, हात बदलले, सवयीची फुंकर बदलली. सराईत वादक पुन्हा नवशिक्या झाला! अन्नपूर्णादेवी बासरी वाजवत नसत. त्या गाऊन दाखवत आणि हरिजी ते बासरीतून काढत.

आणि आखाडा? तोही वाया गेला नाही. तिथे कमावलेला दमसास बासरीच्या कामी आला, असं हरिजी स्वतः सांगतात.

2000 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. मुंबईत त्यांनी वृंदावन गुरुकुल उभारलं.

गणित चुकलं, की पान फाडून पहिल्यापासून मांडायचा आपल्याला किती कंटाळा येतो, नाही? तेव्हा हरिजींचा एखादा फोटो काढून बघा. त्यांची बासरी कुठल्या बाजूला आहे, ते आईबाबांनाही दाखवा. आणि ती तशी का, हे त्यांना तुम्हीच सांगा!