दूर राहण्याचे भिंग

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील तरुण मंडळींच्या हाती मोठमोठाल्या भिंगांचे कॅमेरे दिसू लागले आहेत. सुट्टी पडली की कोणी दांडेलीची वाट धरतो, कोणी म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात दिवस काढतो. हा नाद आम्हांसही पंचावन्नी उलटल्यावर जडला, म्हणून स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या विषयावर लिहिण्याची आज्ञा केली. आमचे आयुष्य धान्याच्या वखारीत काट्यापुढे गेले. तेव्हा शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार आमचा नाही. हातून जे साधले आणि जे बिघडले, तेवढेच वाचक बंधुभगिनींपुढे ठेवतो.

प्रथम या भिंगाची थोडी ओळख करून घेऊ. दूरचे दृश्य मोठे करून टिपणारे टेलिफोटो भिंग १८९१ साली सिद्ध झाले. इंग्लंडात डालमायर आणि जर्मनीत मीटे व श्टाईनहाईल यांनी एकमेकांच्या साह्यावाचून ते त्याच वर्षी साधले. त्यातील पुढचा भिंगसमूह प्रकाशकिरण एकवटतो, तर मागचा समूह त्यांस किंचित पसरवितो. त्या योगे नळी आखूड राहूनही चित्र मोठे उमटते. ज्याची पोहोच कमीअधिक करता येते असे झूम भिंग साध्या कॅमेऱ्याकरिता १९५९ साली फोग्टलेंडर कंपनीने प्रथम बाजारात आणले. त्याचा पल्ला अवघा ३६ ते ८२ मिलिमीटर होता. आज २०० ते ५०० किंवा १५० ते ६०० मिलिमीटर पल्ल्याची भिंगे हौशी माणसासही घेता येतात. प्राणी पुढे आला किंवा मागे सरला, तरी आपण जागचे हलावयाचे नाही. भिंगावरचे कडे फिरवावयाचे. झूमचा हा गुण आम्हांस फार उशिरा कळला. तो कसा कळला, हेच येथे सांगावयाचे आहे.

आमच्याजवळ आरंभी ३०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारे भिंग होते. एका वर्षी फाल्गुनात आम्ही दांडेलीजवळ काळी नदीच्या काठी कवड्या धनेशाचे छायाचित्र घ्यावयास गेलो. या पक्ष्याचा संसार विलक्षण आहे. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व अन्नाचा चोथा यांनी तोंड लिंपून स्वतःस कोंडून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी उरते. पुढे कित्येक आठवडे तिचे व पिलांचे पोट एकट्या नराच्या खेपांवर चालते. आम्हा जैनांस वर्ज्य असलेली वड, पिंपळ, उंबर यांची फळे तो गळ्यात भरून आणतो आणि एकेक वर काढून त्या फटीतून देतो.

ढोलीचे झाड सापडताच आम्ही त्यापासून तीसएक पावलांवर तिपाई रोवली. चित्र मोठे यावे एवढाच विचार मनात होता. थोड्या वेळाने नर आला, पण ढोलीकडे न जाता समोरच्या उंच झाडावर बसला. मान वाकडी करून त्याने आमच्याकडे पाहिले, एक घिरटी घातली आणि तो निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. आम्ही घड्याळ पाहत होतो. दीड तास असाच गेला. अखेर सोबतचा वाटाड्या हलक्या आवाजात म्हणाला, “सावकार, तुम्ही इथं उभे आहात तोवर तो यायचा नाही. आत बाई-पोरं उपाशी आहेत.”

त्या शब्दांनी आमची मान खाली गेली. सूर्यास्तापूर्वी जेवणारे, पाणी गाळून पिणारे आम्ही. आणि एका चित्राच्या लोभाने एका कुटुंबाच्या ताटापुढे आडवे उभे राहिलो होतो. हाती बंदूक नव्हती, एवढ्यावर आम्ही स्वतःस अहिंसक समजत होतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आळा बसला. पण उपासमारीस बंदूक लागतेच असे नाही. आम्ही तत्काळ तिपाई उचलली. आम्ही पुरते दूर गेल्यावर नर ढोलीवर उतरला. तो दुरून साध्या डोळ्यांनी पाहिला. चित्र घेण्याचे मनात आले नाही.

त्यानंतर आम्ही निकॉन कंपनीचे २०० ते ५०० मिलिमीटरचे भिंग घेतले. ते २०१५ साली बाजारात आलेले असून वजन २३०० ग्रॅम आहे. हिशेब सोपा आहे. ३०० च्या भिंगाने ३० पावलांवरून पक्षी जेवढा मोठा येतो, तेवढाच तो ५०० च्या भिंगाने ५० पावलांवरून येतो. या वाढीव वीस पावलांसाठी आम्ही पैसे मोजले. पुष्कळ लोक लांब भिंग घेतात आणि उभे मात्र पूर्वीच्याच जागी राहतात, म्हणजे चित्रात डोळ्याची पापणीही दिसावी. तो व्यवहार आम्हांस खोटा वाटतो. शिवाय पन्नास पावले हाही नियम नव्हे. अंतर पक्ष्याने ठरवावयाचे असते. त्याने खाणे थांबविले, मान ताठ केली किंवा तो घरट्याकडे येईनासा झाला, की आपण मागे सरावे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. भिंग जितके लांब, तितका हाताचा कंप चित्रात अधिक उतरतो. म्हणून ५०० मिलिमीटरवर निदान एक पंचशतांश सेकंदाची गती ठेवावी, हा जुना आडाखा आहे. नव्या भिंगांतील कंपनिवारक यंत्रणेने आपला हात सावरतो, पण प्राण्याची हालचाल थांबत नाही. उडत्या पक्ष्यास एक द्विसहस्रांश सेकंदाची गती हवी. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचे चित्र विरघळल्यासारखे येते. त्यास कोणतेही भिंग उपाय नाही, सकाळीच जावे. जीपच्या खिडकीत तिपाई मांडता येत नाही, तेथे कापडी पिशवीत तांदूळ भरून तीवर भिंग टेकवावे. मात्र परतताच पिशवी रिकामी करावी, नाही तर तांदळात सोंडे पडतात व नवीच हिंसा पदरी येते. आणि पावसाळ्यात दमट हवेचे भय धान्यास तसेच भिंगासही आहे. आत बुरशी धरली की भिंग वाया जाते. म्हणून ते ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

प्राणिसंग्रहालयात या भिंगाचा आणखी एक चमत्कार दिसतो. ५०० मिलिमीटरवर ५.६ चे छिद्र ठेवल्यास ५०० भागिले ५.६, म्हणजे सुमारे ८९ मिलिमीटर रुंदीच्या खिडकीतून प्रकाश आत येतो. त्यापुढे जाळीची दोनतीन मिलिमीटरची तार ती काय! कठड्याबाहेरूनच, पण जाळी भिंगापासून होईल तितकी जवळ आणि प्राणी जाळीपासून बराच मागे असेल, अशी जागा धरली की तार चित्रातून नाहीशी होते. जाळीवर ऊन मात्र नसावे, नाही तर चित्रावर पांढुरके धुके पसरते.

या युक्तीने म्हैसूरच्या संग्रहालयात आम्हांस एका बिबट्याचे सुरेख चित्र मिळाले. ते संग्रहालय १८९२ साली स्थापन झालेले आहे. चित्र मोठे करून पेढीवर लावले. एका गिऱ्हाइकाने कौतुकाने विचारले, “कोणत्या जंगलात सापडला?” आम्ही नुसते हसलो, खरे बोललो नाही, खोटेही बोललो नाही. शेजारी बसलेला नातू मात्र म्हणाला, “आजोबा, हा तर पिंजऱ्यातला ना?” नमुना एका पोत्याचा दाखवावा आणि माल दुसऱ्याच पोत्यातला द्यावा, तसे ते मौन होते. भिंगाने जाळी पुसली म्हणून त्या प्राण्याचा बंदिवास पुसला जात नाही. त्याच सायंकाळी चित्राखाली ‘म्हैसूर प्राणिसंग्रहालय’ अशी चिठ्ठी चिकटविली. तेव्हापासून स्थळ लिहिल्यावाचून एकही चित्र आम्ही कोणास देत नाही.

आपल्या मुनिमहाराजांस ईर्यासमिती सांगितली आहे. पुढील चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे. डोळा भिंगास लागला की माणूस पायाखालची जमीन विसरतो. टिटवी तर अंडी उघड्या जमिनीवरच घालते. म्हणून चालताना कॅमेरा खांद्यास असावा, डोळ्यास नसावा.

पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा काळी नदीच्या काठी गेलो. ढोली तीच होती. या वेळी दूरच्या झाडांच्या सावलीत बैठक मारली. तासाभरात नर आला, थेट ढोलीवर बसला आणि एकामागून एक फळे आत देऊ लागला. चित्रात फटीतून आलेल्या मादीच्या चोचीचे टोक जेमतेम दिसते. पाहणारे म्हणतात, पक्षी लहान आला आहे. आम्ही सांगतो, आम्ही दूर होतो.

मंडळाच्या तरुण सभासदांस एकच विनंती आहे. पुढील स्मरणिकेकरिता आपली छायाचित्रे अवश्य पाठवावीत. प्रत्येकाखाली स्थळ लिहावे, प्राणी मोकळा होता की बंदिस्त हे लिहावे, आणि आपण किती पावलांवर उभे होतो तेही लिहावे.