लंडनला जाताय? किंग हेन्रीज रोडवर उतरा

रघुजी भोसल्यांची तलवार ऑगस्ट २०२५ मध्ये लंडनहून मुंबईत आली. त्याच्या आदल्या वर्षी वाघनखं साताऱ्यात आली होती. दोन्ही वेळा गर्दी लोटली, आणि ती लोटायलाच हवी होती. पण महाराष्ट्राचं लंडनशी असलेलं नातं फक्त शस्त्रांचं नाही. या धामधुमीत ते मागे पडू नये, म्हणून हा लेख.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या सेलूसारख्या गावातूनही आता कुणी ना कुणी युरोपच्या टूरला निघतं. तिकडे नोकरीला असलेला मुलगा तिकीट काढून देतो, व्हिसाची कागदपत्रं जमतात आणि रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई गाठली जाते. टूरवाल्यांची यादी ठरलेली असते: बिग बेन, लंडन आय, बकिंगहॅम पॅलेससमोरचा पहारा, मादाम तुसाँ, टॉवर ऑफ लंडन. हे सगळं जरूर बघा. टॉवरमध्ये सरकत्या पट्ट्यावर उभं राहून कोहिनूर बघताना पोटात काहीतरी हलतंच. फक्त त्या यादीत १०, किंग हेन्रीज रोड हा पत्ता नसेल, तर तो घालायला लावा.

चॉक फार्म स्टेशनवर उतरून थोडं चाललं की प्रिमरोज हिलजवळची ही घरांची ओळ लागते. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. राज्य सरकारनं २०१५ मध्ये सुमारे एकतीस लाख पौंड देऊन हे घर विकत घेतलं आणि त्याचं स्मारक केलं. राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डेनच्या नगरपालिकेनं परवानगी नाकारली. पुढे चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ती परवानगी मिळाली. माझ्या मते परदेशात सरकारनं केलेला इतका शहाणा खर्च दुसरा नाही.

बाबासाहेब पहिल्यांदा लंडनला आले ते १९१६ मध्ये. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं पुढच्याच वर्षी त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, ते पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या बळावर. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचं, आणि रात्री भूक लागली की भाजलेले पापड खाऊन पुन्हा वाचत बसायचं. त्या बैठकीतून १९२३ मध्ये रुपयावरचा त्यांचा प्रबंध पुस्तकरूपानं आला. सरकारला मनमानी रुपये पाडता येतील अशी चलनव्यवस्था असली, की रुपयाची किंमत घसरते आणि महागाईचा मार गरिबाला बसतो, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. तेव्हा सेलू निजामाच्या राज्यात होतं. इथल्या बाजारात निजामाचा हाली शिक्का चालायचा आणि साधारण सात हाली मोजले की सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, मिळायचे. त्यामुळे इंग्रजी मुलखाशी कापसाचा व्यवहार करणाऱ्याला रुपयाच्या भावाचं दुखणं पुस्तक न वाचताही कळत होतं.

घर पाहून झालं की ब्रिटिश म्युझियमला या. प्रवेश फुकट आहे आणि शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. मधल्या अंगणातली गोल इमारत म्हणजेच ते वाचनालय. तिथून ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दोन्ही पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. एका ठिकाणी बाबासाहेब बॅरिस्टर झाले, दुसऱ्या ठिकाणी डी.एस्सी. ‘स्कूल’मध्ये त्यांचा अर्धपुतळाही आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मात्र वाघनखं शोधत फिरू नका, ती तीन वर्षांच्या बोलीवर इकडे आली आहेत.

सोबत दहावी-बारावीतला नातू किंवा भाची असेल, तर मेणाच्या पुतळ्यांचं तिकीट वाचवून हा फेरा आधी करा. तिकडे शिकायला जायची वाटही आहे: राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं राज्य सरकार अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतं, दरवर्षी पंचाहत्तर जणांना. सेलू-पाथरी-जिंतूरच्या मुलांनी त्यासाठी अर्ज करावेत आणि कॉलेजांनी त्यांना हा अर्ज भरायला बसवावं.