अँथुरियमचे रोप कोरड्या हवेत रुळवताना

नर्सरीतून अँथुरियमचे तजेलदार रोप आणावे आणि पंधरा दिवसांत त्याच्या पानांच्या कडा करपाव्यात, नवे पान उलगडण्याआधीच वाळावे, हा अनेकांचा अनुभव आहे. मग पाणी वाढवले जाते, खत घातले जाते आणि रोप आणखी खचते. मूळ बदल झालेला असतो तो हवेत. तो समजला की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात.

अँथुरियम मूळचे कोलंबिया आणि इक्वेडोरच्या दमट जंगलांतले. तिथे ते बरेचदा मोठ्या झाडांच्या खोडांवर, साल आणि कुजका पाला यांच्यात मुळे रोवून वाढते. आपल्याकडे विकली जाणारी बरीच रोपे ऊतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बाटलीत रोपाच्या लहानशा तुकड्यापासून तयार केलेली असतात. नंतर ती पॉलिहाऊसमध्ये वाढतात. तिथे आर्द्रता, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे प्रमाण, साधारण ७० ते ८० टक्के राखलेले असते.

अशा हवेत वाढलेल्या पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो. पानावरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, वेळेवर मिटण्याची सवयही कच्ची असते. आता हिशेब पाहा. ३० अंश सेल्सिअसला आर्द्रता ८० टक्के असेल, तर हवा बाष्पाने पूर्ण भरायला २० टक्के कमी असतात. ती ४० टक्क्यांवर आली की ६० टक्के कमी पडतात. म्हणजे पानातले पाणी ओढण्याची हवेची ताकद जवळपास तिप्पट होते. पुण्या-नाशिकच्या उन्हाळी दुपारी आर्द्रता याहूनही खाली जाते. विदर्भात मे महिन्यात तर ती अनेकदा २० टक्क्यांच्या आत असते.

म्हणून पहिला निर्णय महिन्याचा. जून-जुलैत पाऊस स्थिरावला की रोप आणावे आणि कुंडी बदलावी. तेव्हा बाहेरची हवाच दमट असते. मार्च ते मे हा काळ शक्यतो टाळावा.

रोप घरी आले की लगेच कुंडी बदलू नये. आठवडाभर ते खिडकीपासून थोडे आत, भरपूर उजेड पण थेट ऊन नाही अशा जागी ठेवावे. प्रवास, नवी हवा आणि मुळांची उलथापालथ हे तिन्ही एकदम नको. या आठवड्यात पानांची खालची बाजू तपासावी. तिथे बारीक जाळे किंवा पांढरा कापूस दिसला, तर रोप इतरांपासून दूर ठेवावे.

कुंडी आधीच्यापेक्षा एक-दोन इंचच मोठी घ्यावी. इथे हमखास चूक होते. मोठ्या कुंडीत मुळे न पोहोचलेले मिश्रण दिवसेंदिवस ओले राहते आणि मुळे कुजतात. तळाला पुरेशी भोके हवीत.

मिश्रणात बागेतली माती नको, ती दबून बसते आणि मुळांची हवा तुटते. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग, कोकोपीट एक भाग आणि लाकडी कोळशाचे बारीक तुकडे एक भाग हे प्रमाण चांगले चालते. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात. ते भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून, पिळून वापरावे.

रोप काढण्याच्या तासभर आधी पाणी द्यावे. कुंडी आडवी धरून हलकेच ठोकावी, रोप खोडाला धरून ओढू नये. अँथुरियमच्या रसाने खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत. लहान मुले आणि पाळीव प्राणी दूर असावेत.

आता मुळांकडे नीट पाहावे. निरोगी मूळ फिकट, जाड आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी, बोटांत दाबले की लिबलिबीत, आणि त्याचे साल मोज्यासारखे निघून आत दोरा उरतो. तेवढेच मूळ स्वच्छ कात्रीने कापावे. मुळांच्या गड्ड्याभोवती पातळ कापडाची किंवा प्लास्टिकची जाळी असेल, तर ती जपून कापून काढावी. ती राहिली की मुळे आतच कोंडतात.

रोप पूर्वीच्याच खोलीवर बसवावे. जिथून नवी पाने फुटतात तो भाग मिश्रणाच्या वर राहिला पाहिजे, तो गाडला गेला की कुजतो. मिश्रण बोटांनी बसवावे, ठासू नये. एकदा भरपूर पाणी देऊन निथळू द्यावे. खत अजून नको.

यानंतर रुळवण्याचा टप्पा. कुंडीत तीन-चार काड्या रोवून त्यावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालावी, ती पानांना टेकू नये. थेट ऊन पडले तर आत रोप अक्षरशः शिजते, तेव्हा जागा सावलीचीच हवी. बुरशी धरू नये म्हणून रोज दहा मिनिटे पिशवी काढून हवा खेळू द्यावी.

चार-पाच दिवसांनी पिशवी रात्रभर काढून ठेवायला लागावे. रात्री हवा तुलनेने दमट असते आणि पर्णरंध्रे बरीचशी मिटलेली असतात. त्यानंतर सकाळचे दोन-तीन तास, मग संध्याकाळ, आणि शेवटी दुपार. या सगळ्याला साधारण तीन आठवडे द्यावेत.

मध्येच पाने मलूल झाली तर आधी मिश्रणात बोट घालून पाहावे. आत ओल असूनही पाने झुकली असतील, तर पाणी घालू नये. पिशवी पुन्हा घालून एक पायरी मागे यावे. सकाळीही पाने झुकलेलीच असतील, तर मुळे तपासायची वेळ आली आहे. पानांवर पाण्याचा फवारा मारल्याने आर्द्रता काही मिनिटांपुरतीच वाढते. त्यापेक्षा कुंड्या जवळजवळ ठेवाव्यात. पाण्याच्या कूलरने खोली दमट होते, मात्र त्याचा झोत रोपावर नको. एसीची हवा कोरडी, त्याच्यासमोर रोप ठेवूच नये.

एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. जुनी पाने नव्या हवेशी पूर्णपणे जुळवून घेत नाहीत, ते काम नवी पाने करतात. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, पण उरलेले हिरवे पान रोपाला पोसत असते. ते पूर्ण पिवळे होईपर्यंत कापू नये. पिशवीशिवाय उलगडलेली दोन पाने कडांसह शाबूत राहिली, की रोप रुळले असे समजावे. तेव्हापासून पाण्यात विरघळणारे खत, पाकिटावरच्या मात्रेच्या पाव प्रमाणात, महिन्यातून दोनदा द्यायला हरकत नाही.